सव्वाचारशे किलोमीटर म्हणजे नक्की किती?

पुणे ते हुबळी साधारण ४३० किलोमीटर. अटल बोगदा झाल्यापासून मनाली ते लेहसुद्धा जवळपास तेवढंच. समृद्धी महामार्गावर नागपूरहून निघून छत्रपती संभाजीनगरच्या आसपास आलात की मीटरवर असाच काहीतरी आकडा दिसतो. पुण्याहून तारकर्ली या सगळ्यांपेक्षा थोडी जवळच, चारशेच्या आत.

आता वेळ बघा. समृद्धीवर सकाळी सहाला निघालेला माणूस जेवायच्या वेळेआधी पोहोचलेला असतो. हुबळीला जायला अख्खा दिवस जातो. तारकर्लीलाही अख्खा दिवस जातो, वर घाट उतरताना मागच्या सीटवर कुणाला तरी मळमळतं ते वेगळंच. आणि मनाली-लेह एका दिवसात करायला निघालात, तर रात्री चौदा-पंधरा हजार फुटांवर डोकं धरून बसायची वेळ येते.

म्हणजे ‘दिवसाला किती गाडी मारता येते?’ या प्रश्नाला तसा अर्थच नाही. तरी लांबच्या प्रवासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि ‘सातशे आरामात होतात हो!’ असं छातीठोक उत्तर देणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. काका खोटं बोलत नसतात. त्यांचे सातशे झालेले असतात. फक्त कुठल्या रस्त्यावर, किती वाजता निघून, गाडीत कोण होतं आणि दुसऱ्या दिवशी काका किती वाजता उठले, हे ते सांगत नाहीत.

आधी तास, मग किलोमीटर

नियोजनाची सुरुवात अंतरापासून केली की गडबड होते. महिन्याचा पगार हातात आल्यावर आपण आधी हप्ते, किराणा, शाळेची फी बाजूला काढतो आणि उरलेल्यात काय बसतं ते बघतो. दिवसाच्या तासांचं तसंच करायचं. आधी दिवसात तास किती मिळतात ते बघा, त्यातून थांबे वजा करा, रस्ता कसा आहे त्यावरून वेग धरा, आणि शेवटी जो आकडा येईल तेवढेच तुमचे किलोमीटर.

दिवसाउजेडी गाडी चालवायची असं ठरवलं (आणि कुटुंब बरोबर असेल तर ते ठरवावंच), तर डिसेंबरात पुण्यात सकाळी सातला उजाडतं आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला अंधारतं. अकरा तास मिळाले. मे-जूनमध्ये हेच तेरा तासांच्या पुढे जातं. दिवाळीत आणि नाताळच्या सुट्टीत सगळे बाहेर पडतात, नेमके तेव्हाच दिवस लहान असतात, हे नियोजन करताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता पुणे-हुबळीचा दिवस जरा जवळून बघू. गूगल मॅप्स याला सात ते साडेसात तास दाखवतं. हा आकडा खोटा नाही, पण तो गाडीचा आहे, माणसांचा नाही. त्यात कुणी नाश्ता करत नाही, कुणाला बाथरूमला जायचं नसतं, पेट्रोल भरायचं नसतं. शिवाय आदल्या रात्री अकरा वाजता घरी बसून रस्ता पाहिलात तर त्या वेळच्या वाहतुकीचा हिशेब समोर येतो. निघायची वेळ घालून बघायची सोय त्यात आहे, ती वापरा.

कोथरूडहून सकाळी सहाला निघालात असं धरू. नवले पुलावरून चढ चढून पुढे, खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी. सव्वाआठ-साडेआठला साताऱ्याच्या आसपास नाश्ता. पाच माणसांचा नाश्ता पाऊण तासाच्या आत होत नाही. मिसळ कुणाला तिखट लागते, इडलीला वेळ लागतो, मग ‘आलोच आहोत तर एक कटिंग’ होतो. पुढे साताऱ्यापासून कागलपर्यंत गेली काही वर्षं सहापदरीकरणाचं काम चाललंय. जिथे जिथे पूल बांधायला घेतलाय तिथे सेवा रस्त्यावर उतरायचं, ट्रकच्या मागे लागायचं, परत वर चढायचं. एकेका वळणाला पाच-सात मिनिटंच जातात, पण अशी वळणं बरीच आहेत. कऱ्हाड, कोल्हापूर बाहेरूनच करून साडेबाराच्या सुमाराला निपाणी. तिथे जेवण, एक तास. सीमा ओलांडल्यावर पेट्रोल बहुधा थोडं स्वस्त पडतं म्हणून पंपावर एमएच पाट्यांच्या गाड्यांची रांग असते, तिथे पंधरा मिनिटं. अडीच-पावणेतीनला बेळगाव. चारच्या आसपास एक चहा. धारवाड-हुबळी बाहेरवळण बरीच वर्षं दुपदरीच राहिलं आणि अपघातांसाठी बदनाम झालं, तिथे जपूनच. हुबळीच्या हॉटेलच्या दारात गाडी लागते तेव्हा पाच वाजून गेलेले असतात.

सकाळी सहा ते संध्याकाळी पाच, अकरा तास. नकाशाच्या आकड्याच्या जवळपास दीडपट. यात कुठे काही बिघडलं नाही, पंक्चर झालं नाही, कुणी आजारी पडलं नाही. हा चांगला गेलेला दिवस आहे.

४३० ला ११ ने भागा, ताशी ४० च्या आत-बाहेर येतं. थांबे धरून सरासरी ती एवढी. हा आकडा ऐकून लोकांना राग येतो, कारण काटा तर दिवसभर ऐंशी-नव्वदवर असतो. पण माझ्या मते सहलीच्या नियोजनात धरायचा आकडा हाच. समृद्धीसारखा बंदिस्त द्रुतगती मार्ग असेल तर थांबे धरून ताशी ६५-७० धरा. चौपदरी राष्ट्रीय महामार्गाला ४०-४५. कोकणात उतरायचं असेल, मध्ये घाट आणि पुढे आतले रस्ते असतील तर ३५. हिमालयात २०. आता सुरुवातीची चारही उदाहरणं या आकड्यांनी भागून पाहा, जुळतात.

वेग वाढवून वेळ का वाचत नाही

वेळ कमी पडतोय म्हटल्यावर सगळ्यांना एकच उपाय सुचतो, जरा पाय दाबायचा. त्याचं गणित करून बघण्यासारखं आहे.

समजा १२० किलोमीटर जायचंय. त्यातले १०० मोकळा चौपदरी रस्ता, उरलेले २० घाट, गावं, टोलनाका, खोदकाम. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० ने ६७ मिनिटं लागतात. उरलेल्या वीसला ताशी २५ ने ४८ मिनिटं. एकूण ११५ मिनिटं, सरासरी ताशी ६३ च्या आसपास. आता ९० चे ११० केलेत. मोकळ्या रस्त्यावर १२ मिनिटं वाचली. बारा मिनिटांत एक चहासुद्धा धड पिऊन होत नाही. त्या वीस किलोमीटरची ४८ मिनिटं जशीच्या तशी राहिली. आणि चौपदरी महामार्गावर मोटारीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० आहे, बऱ्याच ठिकाणी पाटी त्याहून कमीची असते, म्हणजे ई-चलानही आलं.

दिवस खातो तो हळू रस्ता. म्हणून मार्ग ठरवताना ‘एकूण किती किलोमीटर’ यापेक्षा ‘त्यात रखडायचे किलोमीटर किती’ हे आधी शोधा. कोल्हापूरहून कोकणात उतरायला गगनबावड्याचा करूळ, राधानगरीवरून फोंडा, आजऱ्याकडून आंबोली असे पर्याय आहेत. अंतरात फार फरक नाही, पण पावसाळ्यात दरड कोसळली किंवा कामासाठी घाट बंद ठेवला की वळसा घालावा लागतो आणि दोन तास गेलेच. वरंधा तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. निघायच्या आदल्या दिवशी त्या गावातल्या हॉटेलवाल्याला फोन करून ‘घाट चालू आहे का’ विचारणं हा आजही सगळ्यात भरवशाचा उपाय.

हंगामही लक्षात घ्या. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव-इंदापूरच्या पट्ट्यात काय होतं ते चाकरमान्यांना सांगायला नको. आषाढात पालखीमुळे दिवेघाट आणि सासवडकडचा रस्ता ठरावीक दिवशी वाहनांना बंद असतो. आणि ऊस. दिवाळीच्या सुमाराला कारखाने सुरू होतात ते मार्चपर्यंत. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुढे बेळगावपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर दिसतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ट्रॅक्टरवर टेपरेकॉर्डर जोरात, आणि मागे दिवा नाही. फार तर एखादा रिफ्लेक्टर, तोही चिखलाने भरलेला. दिवसा हा प्रकार फक्त वेळ खातो. रात्री ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. अंधारात समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायलाच दीड सेकंद लागला, तर ३३ मीटर गेले, ब्रेक अजून लागायचाय. रात्रीची गाडी नको म्हणतात ती भित्रेपणाने नव्हे, या ट्रॉलीमुळे.

चालवणाऱ्याचं शरीर

ज्यांचा धंदाच गाडी चालवणं आहे त्यांच्यासाठी कायदा काय म्हणतो ते बघा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आपल्याकडे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. युरोपात ट्रक-बस चालवणाऱ्यांना सलग साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाला एकूण ९ तास, आठवड्यातून दोनदा फार तर १०. ही रोज गाडी चालवणारी, सवयीची माणसं. आपण एरवी घर ते ऑफिस तासभर चालवतो आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी चौदा तासांचा बेत आखतो.

‘पहाटे तीनला निघायचं, रस्ता रिकामा मिळतो’ हा आपल्याकडचा फार लाडका सल्ला. मला तो पटत नाही. रस्ता रिकामा मिळतो हे खरं. पण आदल्या दिवशी ऑफिस, संध्याकाळी बॅगा, रात्री साडेअकराला पाठ टेकलेली आणि अडीचचा गजर, म्हणजे चालवणारा तीन तास झोपलेला असतो. त्यात मध्यरात्री दोन ते पहाटे सहा ही शरीराची सगळ्यात गाढ झोपेची वेळ, तुम्ही कितीही चहा प्या. दुपारी दोन ते चार ही दुसरी, जेवण झाल्यावर तर विचारू नका. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून, रात्री अकराला हायवेवर असलेला निर्व्यसनी गृहस्थ दारू प्यायलेल्यांच्या रांगेत बसतो. फुंकणी यंत्रात ते दिसत नाही, एवढाच फरक.

डुलकी लागते म्हणजे माणूस घोरायला लागतो असं नाही. तीन-चार सेकंद डोळे उघडे असतात आणि मेंदू बंद. शंभरच्या वेगात चार सेकंद म्हणजे ११० मीटर. मागचे पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, पाटी वाचली पण काय लिहिलं होतं कळलं नाही, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येते, यातलं एक जरी झालं तरी काच खाली करून आणि गाणी मोठी लावून भागत नाही. पेट्रोल पंपावर गाडी लावून वीस मिनिटं झोपायचं. त्याआधी कॉफी घेतली तर उठेपर्यंत ती लागू पडते. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर याचा धोका जास्त आहे. वळण नाही, सिग्नल नाही, म्हैस नाही, डोळ्यांना काही कामच उरत नाही आणि गुंगी येते. तिथे अंतर पटापट कापलं जातं म्हणून थांबे गाळायचे नाहीत, दीड-दोन तासांनी उतरून चालायचंच.

दोघे चालवणारे असले की अंतर दुप्पट, असाही समज असतो. शेजारी बसणाराही दमतोच, धक्के त्यालाही बसतात. दोघांमुळे दिवसाला एखाद-दोन तास वाढतात, आणि मुख्य म्हणजे चालवणं सुरक्षित होतं. अट एकच: अदलाबदल घड्याळावर करायची, दर दोन तासांनी. ‘दमलो की सांगतो’ म्हणणारा कधीच सांगत नाही, विशेषतः नवरा असेल तर. बायको शहरात रोज चालवते पण हायवेवर दिलीच जात नाही, असं पुष्कळ घरांत आहे. हुबळीच्या पुढे दावणगेरे-चित्रदुर्ग हा सकाळचा मोकळा पट्टा तिच्या हातात द्या. रस्ता रुंद आहे, गर्दी कमी आहे, हात बसायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

मागे बसणाऱ्यांचंही शरीर असतंच. गुडघे दुखणारी आजी सलग दोन तासांपेक्षा जास्त बसू शकत नाही. मधुमेह असलेल्या आजोबांचं जेवण ‘पुढचं हॉटेल बरं दिसतंय’ म्हणत अडीचपर्यंत ढकलता येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला मागच्या थांब्यावर शू लागलेली नसते, ती नंतर दहा मिनिटांनी लागते. बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल हा प्रश्न तर थांबे ठरवताना पहिला विचारायला हवा. गाडीतला सगळ्यात नाजूक माणूस जितके तास बसू शकतो, तितकाच तुमचा दिवस. कुटुंबाबरोबर थांबे धरून नऊ तास ही मी वरची मर्यादा मानतो. चौपदरीवर त्याचे होतात पावणेचारशे-चारशे किलोमीटर. पुणे-हुबळीसारखा अकरा तासांचा दिवस पहिल्या दिवशी चालतो, कारण सगळे ताजे असतात, डबा घरचा असतो आणि उत्साह असतो. तिसऱ्या दिवशी चालत नाही.

विजेची गाडी असेल तर यात आणखी एक रकाना वाढतो. कंपनीने सांगितलेला पल्ला हायवेच्या वेगात मिळत नाही, एसी आणि घाट असतील तर आणखी घटतो. जलद चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी लवकर भरते, पुढचे वीस टक्के रेंगाळतात, म्हणून ऐंशीला सोडून निघणंच फायद्याचं. चार्जिंग जेवणाच्या वेळेवर बसवलं तर वेळ फुकट जात नाही. पण चार्जर बंद निघाला किंवा पुढे दोन गाड्या उभ्या असल्या तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

एका दिवसाचं जमलं, दहा दिवसांचं काय?

दिवाळीत दहा दिवस सुट्टी, पुणे ते कन्याकुमारी गाडीने. असे बेत दरवर्षी आखले जातात. अंतर साधारण पंधराशे किलोमीटर. ‘पहिल्या दिवशी बंगळूर, दुसऱ्या दिवशी कन्याकुमारी’ असं कागदावर सोपं दिसतं. बंगळूर ८४० किलोमीटर, थांबे धरून ताशी ४२ ने वीस तास. म्हणजे पहाटे चारला निघून रात्री बाराला बंगळुरात शिरायचं, आणि सकाळी उठून परत साडेसहाशे.

नऊ तासांच्या हिशेबाने हाच प्रवास असा बसतो. पहिला दिवस पुणे ते हुबळी, ४३०. दुसरा हुबळी ते चित्रदुर्ग, २१०, दुपारी एकेका तटातून वर चढत तो सात तटांचा किल्ला बघायला वेळ मिळतो. तिसरा चित्रदुर्ग ते सेलम, ४००. हा या मार्गावरचा सगळ्यात अवघड दिवस, कारण मध्ये बंगळूर आहे. तुमकूर रस्त्यावरून नाइस रोडने बाहेरून होसूर रस्त्याला लागायचं, टोल जास्त वाटला तरी द्यायचा. शहरातून जाऊन पैसे वाचवायला गेलात तर अर्धा दिवस सिल्क बोर्डच्या सिग्नलला जाईल. पुढे धर्मपुरीनंतर तोप्पूरचा घाट आहे, उतार लांब आणि ट्रक भरपूर, तिथे अंधार पडायच्या आत उतरलेलं बरं. चौथा दिवस सेलम ते मदुराई, २३५. पाचवा मदुराई ते कन्याकुमारी, २४५.

शेवटचे दोन दिवस इतके हलके का, असं विचाराल. कारण तिकडे पोहोचण्याच्या वेळेला किंमत आहे. मीनाक्षी मंदिर दुपारी काही तास बंद असतं. कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणारी होडी दुपारी चारच्या सुमाराला थांबते. एकनाथजी रानड्यांनी जिद्दीने उभं केलेलं ते स्मारक १९७० पासून तिथे आहे, आणि आपण साडेपाचला पोहोचून किनाऱ्यावरून त्याचे फोटो काढायचे, याला काही अर्थ नाही. दिवसाचे किलोमीटर ठरवताना मुक्कामाचं गाव किती वाजता बंद होतं तेही बघावं लागतं.

पाच दिवस जायला, पाच यायला. दहा दिवसांची सुट्टी संपली आणि कन्याकुमारीला एक संध्याकाळ मिळाली. परतताना बघण्यासारखं काही नको म्हणून चार दिवसांत या, तरी हाती एकच दिवस आला. इथे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, कन्याकुमारीला रेल्वेने जा. पुण्याहून थेट गाडी आहे. दोन, गाडीने जायचंच असेल तर बेत आखूड करा.

किती आखूड, तेही काढता येतं. सुट्टीचे निम्मे दिवस चालवण्यात, निम्मे एका जागी, असं मी धरतो. दहापैकी पाच दिवस चालवलं, दिवसाला ४००, म्हणजे जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर. एका बाजूला हजार. एवढ्यात पुण्याहून मैसूर आरामात बसतं. जाताना चित्रदुर्ग, मैसूरला तीन रात्री, परतताना हंपीला दोन. मुलं गाडीतून उतरून काहीतरी बघतील, आणि ‘अजून किती वेळ’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळाच येईल.

पहाडात मात्र हे सगळं बाजूला ठेवावं लागतं, कारण तिथे अंतर तुमचे तास ठरवत नाहीत, उंची ठरवते. मनालीहून निघाल्यावर पहिला मुक्काम जिस्पाला केला तर तुम्ही सुमारे ३२०० मीटरवर झोपता. तीन तास जास्त चालवून सरचूला गेलात तर चार हजारांच्या बऱ्याच वर. गाडी दमलेली नसते, उजेडही असतो, तरी तिथे पहिल्या रात्री झोपणं शहाणपणाचं नाही. डोकं ठणकतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला ५३०० मीटरची ‘तंगलांग ला’ ही खिंड पार करायची असते. शिवाय बर्फ वितळून रस्त्यावर येणारे नाले दुपारनंतर फुगतात, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता बंपरला लागतं. त्यामुळे तिकडचा दिवस पहाटे सुरू होऊन दुपारी संपवायचा असतो. शंभर-दीडशे किलोमीटरचा दिवस तिथे लहान नसतो.

अलीकडचं गाव

एवढं करूनही दिवस बिघडतो, कधी टायर जातो, कधी पूल बंद असतो. त्यासाठी एक सोपी सवय लावून घ्या: प्रत्येक मुक्कामाच्या साधारण साठ ते एकशेदहा किलोमीटर अलीकडचं एक गाव हेरून ठेवायचं. हुबळीच्या आधी बेळगाव, सेलमच्या आधी कृष्णगिरी, मदुराईच्या आधी दिंडुक्कल. तिथल्या एक-दोन हॉटेलांचे फोन नंबर आधीच लिहून ठेवायचे. मग रोज दुपारी तीन वाजता बघायचं, आपण कुठे आहोत? उजेडात मुक्कामी पोहोचत असू तर पुढे, नाहीतर अलीकडच्या गावात गाडी वळवायची. हा निर्णय तीनला करायचा, सहाला नाही. सहाला सगळे दमलेले असतात आणि ‘आता थोडंच राहिलंय’ या वाक्याला विरोध करायची ताकद कुणात नसते. यासाठी मधल्या मुक्कामांचं बुकिंग शक्यतो रद्द करता येईल असंच करा. पैसे परत मिळत नाहीत म्हणून माणसं रात्री दहापर्यंत गाडी हाणतात, आणि तीन हजारांच्या खोलीत जाऊन नुसती झोपतात. चार-पाच दिवसांमागे एक दिवस काहीच न ठरवता मोकळा ठेवलात तर असल्या गोष्टींचा त्रासही होत नाही.

परतीच्या दिवसाबद्दल शेवटचं. जाताना जे अंतर दोन दिवसांत केलं ते येताना एका दिवसात ‘ओढून’ टाकायचं, ही पद्धत जवळपास सार्वत्रिक आहे. घराची ओढ असते, रजा संपलेली असते. पण त्याच दिवशी चालवणारा सगळ्यात थकलेला असतो, आणि रस्ता ओळखीचा म्हणून सगळ्यात बेसावधही. त्यात रविवार संध्याकाळ असली की साताऱ्यापासून पुढे सगळं पश्चिम महाराष्ट्र पुण्याकडे निघालेलं असतं, खेड शिवापूरला रांग आणि शहरात शिरताना नवले पुलाचा उतार. खरं तर परतीचा शेवटचा टप्पा सगळ्यात छोटा हवा. कोल्हापूरला मुक्काम, सकाळी निवांत निघायचं, जेवायला घरी. आणि जमलं तर हा दिवस शनिवार धरा, म्हणजे कपडे धुवायला आणि गाडीतले चिवड्याचे कण काढायला रविवार मिळतो.